खालची काच

अकराच्या सुमाराला एक निवृत्त कारकून तिच्या चष्म्याच्या दुकानात आले आणि त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून काउंटरवर सोडली. आत त्यांचा चष्मा होता. एक काडी छताकडे गेलेली, दुसरी काचांखाली दुमडलेली. "काय झालं हो याला?" तिने विचारलं. कारकुनांनी शोकसभेला बसल्यासारखा चेहरा केला. "बायको बसली यावर. आणि उठून मलाच म्हणते, तिथून काही नीट दिसत नाही." ती हसली. गिऱ्हाइकासमोर हसायचं तेवढं बेतशीर नाही, पोटातून, आवाज फुटून हसली, आणि हसता हसताच तिचा उजवा गुडघा सुटला. दुखला नाही, मुरगळला नाही, नुसता सुटला. जणू तो तिचा नव्हताच. तिने काउंटरच्या काचेवर दोन्ही तळवे टेकले. काचेखालच्या फ्रेमांच्या रांगा एकदम फार जवळ आल्या. "अहो, सांभाळा," कारकून म्हणाले, "मी काही इतका विनोदी नाही." "फरशी ओली आहे," ती म्हणाली. फरशी कोरडी ठणठणीत होती आणि ते दोघांनाही दिसत होतं.

तिने गरम हवेच्या यंत्रासमोर काडी धरली, मऊ झाल्यावर अंगठ्याने हळूहळू वळवली, चष्मा टेबलावर उताणा ठेवून दोन्ही काड्या सारख्या टेकतात का ते पाहिलं. हातांना या कामाची वीस वर्षांची सवय होती, त्यांना तिची गरज नव्हती. ती मनाने अजून गुडघ्यापाशी थांबली होती. कारकुनांनी चष्मा चढवला, आरशात स्वतःला दोन्ही बाजूंनी न्याहाळलं, "आता बायकोला सांगतो, बघून बस," असं म्हणाले आणि दाराशी जाऊन तिच्या हसण्याची वाट पाहत क्षणभर थांबले. ती हसली नाही. त्यांना वाईट वाटलं असावं. माणूस बरा होता. पण तिला त्याचा राग आला, इतका की दार लागल्यावर तिने काउंटर पुन्हा पुसून काढला.

तिच्या घरात हसणं ही जपून करायची गोष्ट होती. धाकट्या भावाला लहानपणी अखंड बडबडीमुळे उलटं नाव पडलं होतं, गप्पू, आणि ते तसंच राहिलं. हा गप्पू हसला की पडायचा. पहिल्यांदा पडला तेव्हा असेल बारा-तेरा वर्षांचा. वडिलांनी जेवताना त्यांच्या साहेबाची नक्कल केली, गप्पू हसत हसत ताटावरून उठला आणि पोतं टाकावं तसा खाली बसला. डोळे उघडे, भान जागेवर, फक्त अंगातला जोर गेलेला. अर्ध्या मिनिटात उठला आणि स्वतःच म्हणाला, "बाबा, तुम्ही माझे पाय हसवलेत." सगळे आणखी हसले. मग ते घरातलं खेळणंच झालं. पाहुणे आले की वडील म्हणायचे, "थांबा, गंमत दाखवतो," आणि गप्पूला काहीतरी सांगायचे. तो भिंतीला धरायचा, सोफ्याची पाठ पकडायचा, आणि तरी घसरत घसरत खाली यायचाच. पाहुण्यांच्या मुलांना फार आवडायचं ते. तिलाही आवडायचं. ती सतरा वर्षांची होती, तिला नक्कल जमायची नाही, पण बगलेत बोट घातलं की काम व्हायचं. एकदा जिन्यात घातलं. तो सात पायऱ्या खाली गेला आणि त्याच्या हनुवटीला चार टाके पडले. आईने दोघांनाही बडवलं, तिला बोट घातल्याबद्दल आणि त्याला नाटकं केल्याबद्दल. नाटकं. हा शब्द त्या घरात पुढे वीस वर्षं होता.

दुपारचं दुकान रिकामं असतं. तिने आतल्या तपासणीच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि हातातला आरसा डोळ्यांसमोर धरला. काय बघायचं ते तिला पाठ होतं. डोळे खाली गेले पाहिजेत, झटकन गेले पाहिजेत, वाटेत अडखळता कामा नयेत. पण खाली बघायचं तर आरशावरून नजर काढावी लागते, आणि नजर काढली की आरशात बघायला कोण उरतं? तिने आरसा मांडीवर ठेवला, हनुवटी यंत्राच्या टेकणीवर दाबून धरली म्हणजे मान फसवणार नाही, आणि डोळे खाली वळवले. अर्धवट झाकलेल्या पापण्या दिसल्या, त्यांच्या आत दोन काळ्या चकत्या. म्हणजे खाली पोचले. पण कसे पोचले? गप्पूच्या आजारात आधी वेग जातो, पोचणं नंतर बंद होतं. आणि स्वतःची नजर सरकताना स्वतःला कधीच दिसत नाही. दिसते ती निघण्याच्या आधीची किंवा पोचल्यानंतरची. हे तिने शिकताना पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर मार्कही मिळवले होते. आज पहिल्यांदा ते तिच्या अंगावर आलं. दुसरं माणूस लागतं. गिऱ्हाइकांचे हजारो डोळे पाहिलेल्या तिला स्वतःच्या दोन डोळ्यांसाठी दुसरं माणूस लागत होतं.

गप्पूचे डोळे तिने किती वेळा पाहिले होते. तो मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवायला लागला तेव्हा चोवीस वर्षांचा होता, आणि शिकवणारा म्हणून नावाजलेला होता. घाबरट माणसं मुद्दाम त्याच्याकडे यायची. "खाली बघायचं नाही," तो सांगायचा, "पाय आपले आपण पेडल शोधतात, त्यांना त्यांची अक्कल आहे." एकोणतिसाव्या वर्षी तो दुकानात आला आणि म्हणाला, "ताई, उतरताना पायरी चुकते गं." तिने त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं, अगदी बारीकसा नंबर निघाला, तिने चष्मा दिला. दोन वर्षांनी पुन्हा आला. आता वाचताना ओळ सुटत होती. दुसरा चष्मा. मग तो ताटातलं सांडायला लागला, कपाला हात लागून कप पडायला लागले, आणि खाली काही बघायचं तर तो आधी डोळे मिटायचा, मान झुकवायचा, मग डोळे उघडायचा. ती म्हणाली, "अरे, लांबचं आणि जवळचं दोन्ही आलंय तुला. लवकर आलंय, पण येतं काहींना." तिने त्याला दोन भागांची काच दिली. वरचा भाग लांबचं बघायला, खालचा वाचायला. फ्रेम तिने स्वतः निवडली, काळी, जाड, त्याच्या चेहऱ्याला शोभणारी. आठ दिवसांनी तो परत आला. "ताई, खालच्या काचेपर्यंत मी पोचतच नाही."

"पोचत नाही म्हणजे? डोळे खाली कर."

"करतो ना. जात नाहीत."

"मान वर ठेव आणि नुसते डोळे खाली कर. लहान आहेस का तू?"

तो तिच्याकडे बघत राहिला. हसण्यावारी न्यायचं की कसं, हे ठरवत असल्यासारखा. मग म्हणाला, "बरं, सवय करतो." आणि गेला. ते एक वाक्य कुठल्याही डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरसमोर बोलला असता तर कदाचित तिथल्या तिथे उलगडलं असतं. तो तिच्यासमोर बोलला, कारण ती त्याची ताई होती आणि तिचं चष्म्याचं दुकान होतं. तिने त्याच्या डोळ्यांत वाकून त्या दिवशी काय पाहिलं? तिने नाकावर फ्रेम नीट बसली आहे का ते पाहिलं.

पुढच्या वर्षी त्याची जीभ जड झाली. शब्द एकमेकांना चिकटून यायचे. चालताना पाय रुंद टाकायचा, बोटीवर चालल्यासारखा. मोटार शाळेच्या मालकाने आधी प्रेमाने विचारलं, मग चारचौघांत विचारलं, मग एका शिकाऊ बाईने लेखी तक्रार दिली की शिकवणारे गृहस्थ सकाळी नऊलाच पिऊन येतात. त्याला काढलं. तो शपथा घालायचा. आई तो झोपल्यावर त्याचा सदरा नाकाशी धरायची, कपाटातल्या कपड्यांमागे हात घालून चाचपायची. आणि तिने, ताईने, एकदा त्याला स्वयंपाकघरात गाठून हळू आवाजात म्हटलं होतं, "गप्पू, मला एकटीला सांग. मी आईला नाही सांगणार. किती पितोस?" त्याने फक्त तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, कबूल केलं.

कळलं सहा वर्षांपूर्वी. तोवर वडील गेले होते. एक मेंदूच्या डॉक्टर होत्या, ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, बोलायला कोरड्या. त्यांनी एका हातात पेन धरलं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या खाली फूटभर अंतरावर. "पेन बघा. अंगठा बघा. पेन. अंगठा." गप्पूची नजर पेनवरच राहिली. मग त्यांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत घेतलं, त्याला समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहायला सांगितलं, आणि डोकं मागे कलवलं. त्याचे डोळे आपोआप, सुरळीत खाली आले, तळापर्यंत. "पाहिलंत?" डॉक्टर ताईकडे वळून म्हणाल्या, "डोळे शाबूत आहेत. हुकूम पोचत नाही." तिचं सगळं आयुष्य डोळ्यांच्या ज्या दोन गोळ्यांवर उभं होतं ते शाबूत होते. ती तीन वेळा त्या शाबूत गोळ्यांना काच लावत बसली होती आणि दोष मागे होता, कवटीच्या आत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक कोपरा असतो. जुनंपानं, वापरून झालेलं तिथे येतं, विरघळतं आणि बाहेर पडून पुन्हा कामाला लागतं. याच्या पेशींत त्या कोपऱ्याचं बाहेर जायचं दार उघडत नाही. चरबी आत येते, बाहेर जात नाही. "जन्मापासून?" "जन्मापासून. लहानपणी कावीळ जास्त दिवस राहिली होती का?" राहिली होती. "यकृत सोसतं, प्लीहा सुजते पण सोसते. मेंदू सोसत नाही. तिथल्या पेशी फुगतात, तुंबतात, मग एकेक करून जातात. तोल सांभाळणाऱ्या आधी. हसल्यावर पडणं हेही त्यातलंच. जाणीव राहते, बराच काळ राहते." औषध होतं, ते वेग कमी करणारं होतं, मागे नेणारं नव्हतं. आईने एवढंच विचारलं, "माझ्याकडून आलं का हे?" "अर्धं तुमच्याकडून, अर्धं त्यांच्या वडिलांकडून. एकाने होत नाही, दोघांकडून यावं लागतं." आई बराच वेळ पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, "चाळीस वर्षांत आमचं एका गोष्टीवर कधी एकमत झालं नाही. नेमकं इथे झालं." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. गप्पू हसला, आणि खुर्चीतून घसरला, आणि तिघींनी मिळून त्याला धरलं.

जाताना त्या तिला म्हणाल्या होत्या, तुमचीही तपासणी करून घ्या, प्रत्येक मुलाला चारात एक अशी शक्यता असते, उशिरा सुरू होणारेही असतात. ती "नंतर बघू" म्हणाली. आईही म्हणाली, "काही नको. बरं करणारं औषध नाही तर कळून करायचंय काय?" दोघींनी तो विषय मिटवला तो असा. सहा वर्षं ती गप्पूला धरून चालवत होती, मग चाकाच्या खुर्चीत बसवत होती, ठसका लागू नये म्हणून पाण्यात दाटपणा आणणारी पूड ढवळून चमच्याने पाजत होती, आणि एकदाही तिने मनात म्हटलं नव्हतं की चारात एक. निदान तिला तसं वाटत होतं. पण मग आज गुडघा सुटल्याबरोबर ती इतकी तयार कशी होती? भीती नवी वाटलीच नाही. जणू आतल्या एखाद्या खोलीत ती रोज झाडलोट करून ठेवलेली होती आणि आज फक्त दार उघडलं.

तिने पाचलाच दुकान बंद केलं. दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. वीस वर्षांत त्या तिला कधी दिसल्या नव्हत्या. आज ती वरच्या पायरीवर थांबली, खाली पाहिलं, मान गेली की डोळे गेले हे तिला कळेना, पुन्हा मान ताठ केली, पुन्हा पाहिलं. समोरून येणाऱ्या एका बाईने "काही हरवलंय का?" म्हणून विचारलं. रस्ताभर ती पाय किती रुंद पडतात ते बघत चालली, आणि पायांकडे बघत चाललं की कुणाचेही पाय वेडेवाकडेच पडतात. औषधाच्या दुकानात तिने गप्पूची पूड मागितली तेव्हा जीभ अडखळली का? 'दाटपणा' या शब्दात ती कायमच अडखळायची का? तिने रस्त्यात हळूच दोनदा म्हणून पाहिलं.

घरी गप्पू खिडकीशी खुर्चीत होता. त्याची नजर खिडकीच्या वरच्या चौकटीवर टेकलेली. रस्ता खाली होता, रहदारी खाली होती, पण त्याच्या वाट्याला चौकट आणि समोरच्या इमारतीचा शेवटचा मजला. तिने त्याच्या कपाळावर हात ठेवला. "ता," तो म्हणाला. तेवढंच उरलं होतं ताईमधलं. ती स्वयंपाकघरात गेली. आई ओट्याशी होती, तिने मागे न बघताच विचारलं, "लवकर कशी?"

"सहज."

आईने हात पुसले. वळली. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग तिने ओट्यावरचा चमचा उचलून एका हातात उभा धरला, दुसऱ्या हाताचा अंगठा त्याच्या खाली फूटभरावर. "चमच्याकडे बघ," ती म्हणाली. "आता अंगठा. चमचा. अंगठा. मान हलवायची नाही." तिने पाहिलं. चार वेळा, पाच वेळा. आईचा अंगठा हळदीने पिवळा झाला होता आणि अजिबात थरथरत नव्हता.

"जातात," आई म्हणाली. "झटकन जातात."

"तुला काय कळतं झटकन?"

"सहा वर्षं बघतेय."

"त्याचे."

"तुझे," आई म्हणाली. तिने चमचा खाली ठेवला. "मी तुझ्या पायाशी वाटीचं झाकण टाकते आणि 'मने, बघ गं कुठं गेलं' म्हणते. तुला वाटतं म्हातारीच्या हातातून पडतं. सुई टाकते. तू जिना उतरतेस तेव्हा मी वर कठड्याशी उभी असते, ती काय टाटा करायला? रविवारी पेपरातले विनोद वाचून दाखवते. मला का विनोद आवडतात? आणि तू मेली हसतच नाहीस. मग मला कळायचं कसं?"

"विनोद टुकार असतात आई."

"असतात. छापणाऱ्याला सांग."

दोघी ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. गॅसवर काहीतरी खदखदत होतं. तिला वाटलं, आता बोलू नये, निदान आज बोलू नये. "आज हसले," ती म्हणाली. "गुडघा सुटला." आईने हात लांब करून गॅस बंद केला. मग दार लोटून घेतलं, कारण बाहेर खुर्चीत बसलेल्याचे कान अजून जागे होते. "उद्या जायचं," आई म्हणाली, "मी येते बरोबर." जिने सहा वर्षांपूर्वी 'काही नको' म्हटलं होतं ती हीच आई. आता तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं, ना भीती ना धीर. फक्त वेळ ठरवायची होती.

रक्त घेतल्यापासून निकालाला अठरा दिवस लागले. दुकान चालू होतं. ती लोकांच्या डोळ्यांना काचा लावत होती आणि प्रत्येकाला शेवटी म्हणत होती, "आता जरा खाली बघा." सगळ्यांचे डोळे खाली जात होते. पण त्या दिवसांत घरात काहीतरी वेगळं घडत गेलं. ती गप्पूजवळ बसायला लागली. आधीही बसायची, पण ते पाजायला, पुसायला, कूस बदलायला. आता ती नुसती त्याच्या शेजारी खुर्ची ओढून त्याच चौकटीकडे बघत बसायची. एकदा तिने मान खुर्चीला टेकवून, डोळे अजिबात खाली न नेता अर्धा तास काढला. स्वतःचे हात दिसत नाहीत, मांडी दिसत नाही. कुणी पायाशी येऊन उभं राहिलं तर आधी आवाज येतो. आपण कमरेपासून खाली आहोत की नाही, याची खात्री ठेवायला काहीच नसतं. मग तिने त्याला विचारलं, जे तिने आजवर कधीही विचारलं नव्हतं. "सुरुवातीला कसं वाटायचं रे?"

त्याला उत्तर द्यायला वेळ लागायचा. त्याच्या बोलण्यातले थांबे इतके लांब असायचे की माणसं मधेच उठून जायची. ती बसून राहिली. "पायरी," तो म्हणाला. खूप वेळाने, "नसायची." आणि मग, चहा थंड झाल्यावर, "मग... असायची."

"मी तुला तीन चष्मे दिले," ती म्हणाली. "तू सांगत होतास आणि मी काचा देत होते. ती दोन भागांची काळी फ्रेम, ती..."

"टाक," तो म्हणाला.

"काय टाकू?"

"टाक... ली." त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. "पु... ल."

पुलावरून. त्याने तो चष्मा पुलावरून नदीत टाकला होता आणि घरी सांगितलं होतं हरवला. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग तिला हसू आलं, तोही हसला, आणि हसल्याबरोबर त्याची मान दोरी तुटल्यासारखी छातीवर पडली. तिने दोन्ही तळव्यांत त्याची हनुवटी धरली. टाक्यांची जुनी खूण तिच्या बोटाला लागली. अशी हनुवटी धरून ती त्याचा जोर परत येण्याची वाट पाहत बसली, आणि त्या अर्ध्या मिनिटात तिला वाटलं की हे धरणं सेवा नाही, शेजार आहे. उद्या कुणीतरी आपलीही धरेल. या विचाराने भीती वाटायला हवी होती. वाटलं ते असं की ती इतकी वर्षं काठावरून त्याला आवाज देत होती आणि आता पाण्यात उतरली होती. थंड होतं, पण तो तिथे होता.

एकोणिसाव्या दिवशी दुपारी ती एकटीच निकाल आणायला गेली. आईला गप्पूजवळ थांबायला हवं होतं. त्या पांढऱ्या केसांच्या डॉक्टर आता आणखी ठेंगण्या दिसत होत्या. त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "तुमच्याकडे त्या जनुकाची एक प्रत सदोष आहे, एक चांगली. म्हणजे तुम्हाला आजार नाही. होणारही नाही."

"आणि गुडघा?"

"दिवसभर उभ्या असता ना दुकानात? तुमचं वय?"

"त्रेचाळीस."

"मग हाडांच्या डॉक्टरांना दाखवा," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच थोडंसं हसल्या. "घरी जा. आईंना सांगा."

ती दवाखान्याच्या बाहेर येऊन बाकावर बसली. लोक येत-जात होते, कुणीतरी फोनवर भांडत होतं. तिने सुटकेची वाट पाहिली. सुटका आली, तिचं मन काही दगड नव्हतं. श्वास खोल गेला, हातांना मुंग्या आल्या, भूकही लागली. पण त्या सुटकेपाठोपाठ आणखी काहीतरी आलं, ज्याची तिने वाट पाहिली नव्हती. अठरा दिवस ती त्याच्या बाजूला बसली होती. आता तिला उठून परत काठावर जायचं होतं, कोरड्या कपड्यांनी. तो तिथेच राहणार होता. तो हळूहळू आणखी आत जाणार होता, आणि ती पुन्हा पूड ढवळणार, चमचा धरणार, ताई म्हणून. एका माणसाच्या नशिबातून दुसऱ्याचं सुटणं कसं असतं, हे कागदावर नव्हतं. तिने कागद चार घड्या करून पर्समध्ये ठेवला.

आईने दार उघडलं. तिच्या तोंडाकडे पाहिलं. गप्पू तिथेच खिडकीशी होता, चार हातांवर, त्यामुळे मोठ्याने काही बोलण्यासारखं नव्हतं. ती हळूच म्हणाली, "नाही." आईला पहिल्यांदा कळलंच नाही. तिच्या कपाळावरची शीर उभी राहिली. म्हणून तिने पुन्हा सांगितलं, ओठांनीच, "मला नाही." आईने मान हलवली. एकदा, दोनदा. तिचा हात दाराच्या कडीवर होता तो तसाच राहिला. मग ती वळली, मुलाच्या खुर्चीजवळून जाताना त्याच्या गुडघ्यांवरची चादर सारखी केली, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली. नळ सुटल्याचा आवाज आला. पूर्ण सोडला होता. बादलीत पाणी धो धो पडायला लागलं, बादली भरली, पाणी फरशीवरून वाहायला लागलं, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, तुटक, वरच्या पट्टीतला, जो नीट ऐकू येऊ नये म्हणूनच तो नळ होता. आई हसत होती की रडत होती, हे बाहेरून सांगता येत नव्हतं.

ती गप्पूशेजारी बसली. त्याची नजर चौकटीवर. पाच मिनिटं झाली असतील.

"नळ," तो म्हणाला. स्पष्ट. एकच शब्द, अख्खा.

"असू दे," ती म्हणाली.

तो थांबला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ती वाट पाहत बसली. "तु... ला?"

तिला वाटलं खोटं बोलावं. पण तो इतक्या लांबून हा शब्द घेऊन आला होता. "नाही," ती म्हणाली. "मला नाही रे."

त्याने डोळे मिटले. बंद डोळ्यांनी मान हळूहळू खाली झुकवली, तिच्या बाजूला, आणि मग उघडले, आणि ती त्याला दिसली.

आत नळ वाहत होता. दोघंही तिथेच बसून राहिले.